झोपेचा हिशेब

ट्रकवर नवा लागलेला पोरगा भेटला की लोक त्याला पगार विचारतात, गाडी कोणती, किती चाकी, लाइन कुठली ते विचारतात. झोपतोस कुठे आणि किती, हे कोणी विचारत नाही. माझं आयुष्य ट्रकभोवतीच गेलं. आधी वडिलांच्या, मग उस्तादांच्या, मग माझ्या हाती आलेल्या. या धंद्यातलं सुख आणि दुःख मी इतक्या वर्षांत वेगवेगळ्या रूपांत पाहिलं, आणि दर वेळी ते झोपेपाशीच येऊन ठेपलं.

आम्ही मूळचे पांढुर्ण्याचे. संत्र्यांचा आणि मराठीचा मुलूख, पण मध्य प्रदेशात. वडील तिकडची संत्री भोपाळच्या मंडीत आणायचे आणि पुढे भोपाळलाच राहिले. भेलच्या कारखान्यामुळे पिपलानी, गोविंदपुरा भागात मराठी घरं बरीच होती. त्यांच्यातच एका भाड्याच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. शेजारचे काका भोंग्यावर कामाला जायचे आणि भोंग्यावर घरी यायचे. बाबांना भोंगा नव्हता. पहाटे चारला आले तरी ते आल्याबरोबर झोपायचे, आणि मग घरात कुकरची शिट्टी होत नसे, रेडिओ लागत नसे. दारात कोणी आलं तर आई ओठांवर बोट ठेवून त्याला अंगणात नेऊन बोलायची. घरातली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे बाबांची झोप, हे आम्हा भावंडांना पाटी-पेन्सिल हाती येण्याआधी कळलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला सोबत न्यायचे. ओबेदुल्लागंज गेलं की जंगल लागायचं, मग बुधनी, नर्मदेचा पूल, होशंगाबाद. आता त्याचं नर्मदापुरम झालं. इटारसी येईपर्यंत मी सीटमागच्या फळीवर गाढ झोपलेला असे. इतकी निर्धास्त झोप मला पुढे कुठल्याच गादीवर लागली नाही. ती झोप बाबांच्या जागरणावर उभी होती.

भोपाळने हेच फार भयंकर रीतीने पाहिलं. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला तेव्हा जुनं शहर झोपेत होतं. खोकत, डोळे चोळत माणसं उठली आणि मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी पळाली. आमचा भाग लांब, तिथवर वायूचा जोर पोहोचला नाही. पण त्यानंतर कित्येक महिने ओळखीतली माणसं रात्री अंग टाकायला घाबरायची. ज्याच्या हाती धोक्याचं काम आहे त्याच्या सावधपणावर बाकीचे सगळे झोपतात. तो सावधपणा कुठे ढळला, की किंमत झोपलेले मोजतात. माझ्या मनात ट्रकचं स्टिअरिंग तेव्हापासून या कामांच्या रांगेत आहे.

शाळा सुटल्यावर मी उस्तादांच्या, म्हणजे मुरलेल्या ड्रायव्हरच्या, हाताखाली क्लीनर म्हणून लागलो. टायरवर दांडका मारून हवा ओळखायची, ताडपत्रीची रस्सी ताणायची, काच पुसायची, गाडी मागे घेताना आवाज द्यायचा. ही झाली सांगितलेली कामं. न सांगितलेलं काम एकच होतं, उस्तादांना जागं ठेवणं. रात्री दोन ते पाच ही वेळ सगळ्यांत वाईट. शरीराचं स्वतःचं घड्याळ तेव्हा झोप मागतं, आणि कितीही वर्षं गाडी चालवली तरी ते मागणं थांबत नाही. मी घरच्या गोष्टी सांगायचो, पुढचं गाव विचारायचो, उत्तर उशिरा आलं की दचकायचो. उस्तादांचा नियम कडक होता. सारख्या जांभया यायला लागल्या की गाडी बाजूला. "सो जा, फिर चल," म्हणायचे, आणि स्वतः आधी तसं करायचे. बाकीचे ड्रायव्हर चहा प्यायचे, मिरची चावायचे, डोळ्यांवर पाणी मारायचे, तंबाखूचा बार भरायचे. मंदसौर-नीमचकडे अफूची शेती असते. तिकडच्या वाटेवर डोडाचुऱ्याची, म्हणजे अफूच्या बोंडांच्या चुऱ्याची, सवय जडलेले ड्रायव्हरही मी पाहिले. या सगळ्यांनी डोळे उघडे राहतात. माणूस जागा राहत नाही.

उस्ताद अनुभवाने बोलत होते ते विज्ञानानेही मोजलं आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालतात. २४ तास जागल्यावर ते प्रमाण ०.१० टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे उठून रात्री अकरापर्यंत जागलेला, थेंबभरही न प्यालेला ड्रायव्हर कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी हाकत असतो. दारू पकडायला पोलिसांकडे यंत्र आहे. तोंडाने फुंकर मारली की आकडा येतो. झोप पकडणारं यंत्र नाक्यावर नाही. आणि ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी, डोळा तीन सेकंद लागला तर ५० मीटर रस्ता कोणाच्याही नजरेविना कापते.

पुढे हलक्या गाडीचा परवाना झाला, वर्षभराने ट्रान्सपोर्टचा झाला आणि स्टिअरिंग माझ्या हाती आलं. नव्या ड्रायव्हरला वाटतं की घाटात गिअर कधी बदलायचा, आरशात मागचं चाक कुठे दिसतं, लादलेली गाडी किती अंतरात थांबते, हेच कठीण. ते कठीण आहेच, पण ते हातात बसतं. हातात न बसणारी गोष्ट म्हणजे झोप, आणि ती दोन बाजूंनी तुटते. सुरुवातीला घरी खाटेवर पडलो तरी उजवा पाय ब्रेक शोधत राहायचा. स्वप्नात उतार यायचा आणि ब्रेक लागायचा नाही. बायको उठवून पाणी द्यायची. हे काही महिन्यांत ओसरलं. दुसरी बाजू ओसरली नाही, कारण ती माझ्या अंगात नव्हती, धंद्याच्या रीतीत होती.

ती रीत अशी. सकाळी कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा. माल भरायला संध्याकाळ होते, कधी रात्र. तोवर ड्रायव्हर रांगेत गाडी पुढे सरकवत बसतो. हा वेळ कोणाच्याच हिशेबात काम म्हणून धरला जात नाही. मालक म्हणतो, दिवसभर तर बसून होतास. मग रात्री दहाला बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात येते आणि सकाळी नागपूरला पोहोचायचं असतं, साडेतीनशे किलोमीटर. भोपाळहून नागपूरला जाणारा दमून निघतो तो रस्त्याने नव्हे, गेटवरच्या थांबण्याने. नव्या पोरांना हे आधीच कळलं तर ते पहिल्या महिन्यात स्वतःला दोष देणार नाहीत.

कायदा नाही असं नाही. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवलं, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची सुट्टी ठरवली. पण तो बेतला होता पाच किंवा अधिक कामगार असणाऱ्या व्यवसायांसाठी. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा ड्रायव्हर त्याच्या बाहेरच राहिला, आणि आपल्याकडे असे मालक गल्लोगल्ली आहेत. घाई कागदाचीही नाही. जीएसटीचं ई-वे बिल साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत देतं. ड्रायव्हर घाईत असतो तो फोनवरच्या मालकाच्या आवाजामुळे.

त्या आवाजाला मी एकदा बरेठा घाटाच्या अलीकडे नाही म्हटलं. रात्रीचे तीन वाजून गेले होते, पांढऱ्या पट्ट्या एकात एक मिसळायला लागल्या होत्या. ढाब्यावर गाडी लावली, इंजिन बंद केलं, मालकाला कळवलं की दोन तास झोपून निघतो. तो बरंच बोलला. त्या फेऱ्याचा भत्ता कापला. मी झोपलो, उजेडात घाट चढलो, माल धड पोहोचवला. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. कापलेल्या भत्त्याचा आकडा आज आठवत नाही, पण सकाळी घाट चढताना डोकं किती स्वच्छ होतं ते आठवतं.

झोप भीतीनेही तुटते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक उभे राहिले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नव्या भारतीय न्याय संहितेत, अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर न कळवता निघून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद, असं कलम होतं. अपघातानंतर माणूस टाकून पळणं वाईटच. त्याची बाजू मी घेणार नाही. पण जमाव ड्रायव्हरला आधी मारतो आणि मग विचारतो, हेही तितकंच खरं. २ तारखेला सरकारने चर्चेशिवाय ते कलम लागू न करण्याचं सांगितलं. त्याच दिवशी शाजापूरच्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी एका ड्रायव्हरची औकात काढली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री मोहन यादव यांनी त्यांना पदावरून हटवलं. शाजापूर आमच्या रोजच्या वाटेवरचं. त्या दिवसांत तिशीच्या आतली किती तरी पोरं मला म्हणाली, काका, हे सोडून दुसरं काही बघू का? पगारावरून त्यांनी तसं कधी विचारलं नव्हतं.

वर्षभराने भोपाळने वेगळा देखावा पाहिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा १२ बंद कंटेनरमध्ये भरून पीथमपूरकडे निघाला. अडीचशे किलोमीटर. पुढे-मागे पोलीस, सोबत रुग्णवाहिका, रस्ता मोकळा केलेला. त्या ताफ्याच्या ड्रायव्हरांचा मला अभिमान वाटला. चाळीस वर्षं शहराच्या उशाशी पडून असलेलं विष त्यांनी उचलून नेलं. आणि एक विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही. धोकादायक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला आपला नियम तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घ्यायला लावतो, परवान्यावर वेगळी नोंद मागतो, गाडीवर सूचनेचा फलक लावतो. पण २५ टन सिमेंट आणि २० तास जागलेला माणूस, हाही धोकादायक माल आहे. त्याच्या गाडीवर फलक नसतो. त्याच्यासाठी कोणी रस्ता मोकळा करत नाही. त्याला फक्त एक खाट आणि चार तास हवे असतात.

वेगळी वाट काढता येते, हे दिसतही आहे. गुरुग्रामच्या रिविगो कंपनीने ट्रक थांबवण्याऐवजी ड्रायव्हर बदलायची रीत आणली. एकाने चार-पाच तास चालवायचं, ठरल्या जागी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी परतायचं. तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाचे विसावे उघडले आहेत. तिथे पलंग, अंघोळीची सोय मिळते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. मे महिन्यात दुपारी तापलेल्या केबिनमध्ये झोपायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला या नियमाचं मोल सांगावं लागणार नाही.

भोपाळच्या योगिता रघुवंशी मूळच्या नंदुरबारच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतः ट्रक चालवायला घेतला आणि हजारो किलोमीटरचे फेरे केले. त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा इतरांना त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटलं, मला आधी प्रश्न पडला तो त्यांच्या मुक्कामाचा. बाईला आतून कडी लागेल अशी मोरी आणि निर्धास्त पडता येईल अशी जागा हायवेवर किती ठिकाणी आहे? ती जागा झाली तर या धंद्यात बायका येतील, आणि पुरुषही जास्त दिवस टिकतील.

मी स्वतः लांबच्या लाइनी सोडून दूध संकलनाचा टँकर घेतला. पैसे कमी. पहाटे लवकर उठावं लागतं, पण झोपायची वेळही ठरलेली. मुलगी आता कुकर लावताना माझ्याकडे बघत नाही, कारण दिवसा मी झोपलेला नसतो. लांबची लाइन वाईट असं मी म्हणत नाही. तिथे पैसा आहे, देश बघायला मिळतो, काहींचा जीव तिथेच रमतो. निवड ज्याची त्याने करावी, फक्त झोपेची किंमत लावून करावी.

माझा भाचा नुकताच मोठ्या परवान्याला लागला आहे. परवा विचारत होता, "मामा, लाइनवर किती सुटतात?" मी त्याला म्हटलं, बाळा, पैशांचं नंतर. मालकाकडे गेलास की आधी विचार, गेटवर थांबलेला वेळ धरता का. विचार, लांबच्या फेऱ्याला दुसरा ड्रायव्हर देता का. विचार, रात्री झोप आली म्हणून गाडी लावली तर भत्ता कापता का. पुढच्या महिन्यात पगार वाढवून घेता येतो, गाडीही बदलून घेता येते. पण या तीन प्रश्नांवर जो मालक चिडतो, त्याच्या गाडीची किल्ली हातात घेऊ नकोस.