डेबियनची तेरावी आवृत्ति

पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली म्हणजे जुनी प्रत बाळगणाऱ्या गृहस्थास दोन प्रश्न पडतात. नव्या आवृत्तींत असें काय अधिक आहे कीं ती घ्यावी, हा पहिला. आणि घेतली तर जुन्या प्रतीच्या समासांत आपण केलेल्या टिपांची वाट काय, हा दुसरा. पुस्तकांच्या बाबतींत दोन्ही प्रती फळीवर शेजारीं शेजारीं ठेवतां येतात, म्हणून हे प्रश्न फारसे टोंचत नाहींत. संगणकाच्या बाबतींत ही सोय नाहीं. तेथें नवी आवृत्ति जुनीच्या जागींच येऊन बसते, आणि समासांतल्या टिपा, म्हणजे आपलीं पत्रें, घरचे हिशेब, छायाचित्रें, मुलांचे निबंध, त्याच जागेंत नांदत असतात. ‘डेबियन’ नांवाच्या लिनक्स प्रणालीची तेरावी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं प्रसिद्ध झाली, तेव्हां आमच्या जळगांवच्या घरीं हे दोन्ही प्रश्न निघाले. आणि त्या दिवाळींत भाऊबीजेस धुळ्याला आक्कांकडे गेलों, तेथें तर ते अगदीं निकरास आले.

लिनक्स हें खरें पाहतां प्रणालीच्या गाभ्याचें नांव. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तो गाभा लिहून सर्वांस खुला केला. पण नुसत्या गाभ्यावर संसार चालत नाहीं. लिहिण्याचें साधन, चित्रें पाहण्याचें साधन, इंटरनेटवर जाण्याचें साधन, प्रिंटरशीं बोलणारें साधन, अशीं सर्व भांडींकुंडीं त्याच्याभोंवतीं मांडून द्यावीं लागतात. अशा मांडून दिलेल्या संचास ‘डिस्ट्रो’ म्हणतात. डेबियन हा त्यांतला जुना व भारदस्त संच. इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं तो सुरू केला, आणि डेब्रा ही आपली भावी पत्नी व आपण स्वतः अशा दोघांच्या नांवांचा संधि करून त्याचें बारसें केलें. आवृत्तींचीं नांवें मात्र ‘टॉय स्टोरी’ या बोलपटांतील खेळण्यांवरून ठेवतात. बारावी ‘बुकवर्म’ झाली, तेरावी ‘ट्रिक्सी’. एवढ्या गंभीर कामास इतकें पोरकट नांव कां, असें आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनीं विचारलें. ज्या महाराष्ट्रांत न्यायाधीश आणि प्राध्यापक घरीं बंड्या आणि बाळ्या म्हणून ओळखले जातात, त्यानें हा आक्षेप घेऊं नये, असें आम्हीं त्यांस सांगितलें.

हें सर्व काम जगभरचे स्वयंसेवक करतात. त्यांची वार्षिक परिषद २०२३ सालीं कोचीस भरली होती. आपल्याकडील सी-डॅकनें ‘बॉस’ नांवाची जी भारतीय प्रणाली काढली, तीही डेबियनच्याच पायावर उभी केलेली. कोणीही ती वाचावी, उतरून घ्यावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, असा तिचा परवाना आहे. ही रीत धुळ्याच्या माणसास तरी नवलाची वाटूं नये. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच निवर्तले आणि ९ जानेवारी १९२७ रोजीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. गांवोगांवचीं दप्तरें हुडकून त्यांनीं जे कागद छापले, ते मागून येणाऱ्यानें वाचावे, त्यांतले दोष काढावे आणि आपली भर घालावी म्हणूनच. दुसरी प्रत नसल्यामुळें किती दप्तरें वाळवीनें व बंबानें गिळलीं, हेंही त्या पिढीस पक्कें ठाऊक होतें. ही गोष्ट पुढें कामास येणार आहे.

एरवीं या आवृत्तीची वार्ता जाणत्या मंडळींपुरतीच राहिली असती. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’चा नेहमींचा आधार संपविला. ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला यंत्रांत ‘टीपीएम’ नांवाची विशिष्ट सुरक्षासोय आणि बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. परिणामीं, काल ज्यावर मुलीनें प्रकल्प लिहिला तें धडधाकट यंत्र आज अपात्र ठरलें. आमच्या खानदेशांत वस्तु टाकण्याची घाई कोणास नसते. थोरला पुण्यास इंजिनिअरिंगला गेला कीं त्याला नवा लॅपटॉप मिळतो, त्याचा जुना संगणक धाकटीस, आणि तिचा त्याहून जुना आजोबांस, असा वारसा चालतो. ज्या घरांत असा वारसा आहे, त्यास डेबियनकडे पाहण्यावांचून फारशी गति नाहीं. आणि म्हणूनच तिच्या गुणदोषांची चौकशी अगोदर केलेली बरी.

नव्या आवृत्तींत भर मोठी आहे. एकंदर ६९,८३० पॅकेजें, त्यांपैकीं १४,१०० हून अधिक नवीं, गाभा ६.१२ क्रमांकाचा, लिहिण्यासाठीं लिबरऑफिस २५.२, डेस्कटॉपांत ग्नोम ४८ व केडीई प्लाझ्मा ६.३, आणि अशक्त यंत्रांसाठीं एक्सएफसीई ४.२०. या आंकड्यांनीं दिपून जाण्याचें कारण नाहीं. घरगुती माणसास त्यांतलीं वीसपंचवीस साधनें पुरतात, आणि तीं बाराव्या आवृत्तींतही होतीं. तात्पुरत्या फाइलींची जागा आतां डिस्कवर नसून मेमरींत असते, हा फरक मात्र ध्यानांत ठेवावा. थोड्या मेमरीच्या यंत्रावर भलीमोठी फाइल तेथें टाकली तर यंत्र कुंथूं लागतें.

आमच्या मतें या आवृत्तीचें खरें महत्त्व काळाच्या मोजणींत आहे. संगणक काळ मोजतो तो १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांनीं. जुन्या रीतीप्रमाणें ही संख्या ३२ बिटांच्या घरांत लिहीत, आणि त्या घरांत २,१४,७४,८३,६४७ सेकंदच मावतात. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या घड्याळांत सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद झाले कीं तें घर भरतें, आणि पुढच्या सेकंदास यंत्र आपणांस १९०१ सालच्या डिसेंबरांत नेऊन टाकतें. २०३८ पुष्कळ दूर आहे असें ज्यांस वाटेल, त्यांनीं २०२५ सालीं पंधरा वर्षांच्या मुदतीनें काढलेल्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता कोणत्या सालीं येतो तें बोटांवर मोजावें. डेबियनकारांनीं तेराव्या आवृत्तींत काळाचें घर ६४ बिटांचें केलें. हजारों पॅकेजें त्यासाठीं पुन्हां बांधावीं लागलीं. हें काम बाहेरून दिसत नाहीं आणि त्याची वाहवा करण्यास कोणी येत नाहीं. पण पंचांगकर्त्याच्या दूरदृष्टीचें तें काम आहे.

त्याच निर्णयाची दुसरी बाजू कडू आहे. जुन्या ३२ बिटांच्या इंटेल जातीच्या यंत्रांस हें नवें घर दिलें नाहीं; उलट, त्यांच्यासाठीं गाभा व इन्स्टॉलर देणेंच या आवृत्तीपासून बंद झालें. ३२ बिटांचीं पॅकेजें उरलीं आहेत तीं ६४ बिटांच्या यंत्रावर एखादा जुना प्रोग्राम चालावा एवढ्यासाठीं. आजवर कोणतेंही म्हातारें यंत्र डेबियनच्या दाराशीं गेलें तर त्यास आसरा मिळे. त्या दारास आतां कडी लागली. याबद्दल आम्हांस हळहळ वाटते, पण दोष देववत नाहीं. जुनीं यंत्रें जवळ बाळगून त्यांवर प्रत्येक पॅकेज पारखणारे हात फार थोडे राहिले, आणि न पारखलेली प्रणाली देणें हा उपकार नव्हे.

तेव्हां अपग्रेड करण्यापूर्वीं आपलें यंत्र कोणत्या जातीचें आहे तें पाहणें हें पहिलें काम. टर्मिनलमध्यें ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली म्हणजे प्रोसेसर ३२ बिटांचा कीं ६४ बिटांचा तें कळतें. यांत एक मेख आहे. मेमरी थोडी म्हणून कित्येक ६४ बिटांच्या यंत्रांवरही पूर्वीं ३२ बिटांची प्रणाली बसविलेली असते. असें यंत्र जागच्या जागीं अपग्रेड करूं नये. तेथें ६४ बिटांची प्रणाली नव्यानेंच बसवावी, असा डेबियनचा सल्ला आहे. प्रोसेसर व प्रणाली दोन्ही ६४ बिटांचीं असतील तर मार्ग मोकळा. तो बाराव्या आवृत्तीवरूनच जातो. अकरावीवरून थेट उडी मारतां येत नाहीं.

जळगांवचा आमचा संगणक या दुसऱ्या जातीचा निघाला. सर्व फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि तो उघडून पाहिला. न उघडलेला बॅकअप हा न मोजलेल्या नोटांसारखा समजावा. नंतर बारावी आवृत्ति तिच्या शेवटच्या सुधारणांपर्यंत आणली. बाहेरून जोडलेलीं पॅकेजांचीं कोठारें बंद केलीं. मग कोठारांच्या यादींत जेथें जेथें ‘बुकवर्म’ होतें तेथें तेथें ‘ट्रिक्सी’ लिहिलें, आणि ‘ॲप्ट’ या कोठीवाल्यास तीन आज्ञा दिल्या: आधीं नवी यादी आण, मग नवें कांहीं न घेतां जुनें जेवढें सुधारेल तेवढें सुधार, आणि शेवटीं पूर्ण अपग्रेड कर. घाईनें मधली आज्ञा गाळूं नये.

हें चाललें असतां ॲप्ट मधूनमधून थांबून विचारतो: अमुक फाइलींत तुम्हीं फेरफार केले आहेत, तुमची ठेवूं कीं आमची नवी घेऊं? समासांतल्या टिपांचा प्रश्न तो हाच. नुसतें एंटर दाबलें तर आपली फाइल राहते, आणि बहुधा तेंच हिताचें. परंतु दोहोंतला फरक दाखव असेंही त्यास सांगतां येतें, तें सांगावें. ज्याला हे प्रश्न वाचण्याचा कंटाळा आहे त्यानें अपग्रेड दुसऱ्याकडून करवून घ्यावें. आम्हांस सव्वादोन तास लागले. मध्येंच वीज गेली तर घाबरून डिस्क पुसूं नये. यंत्र पुन्हां सुरू करून ‘डीपीकेजी’ला राहिलेली मांडणी पुरी करण्यास सांगावें, बहुतेक वेळां तो ती करतो. तथापि आमच्या भागांत वैशाखांतल्या दुपारीं, पारा पंचेचाळीस अंशांकडे चाललेला असतांना, हा उद्योग काढूं नये हेंच बरें.

धुळ्याची गोष्ट इतकी सरळ नव्हती. आमचे मेहुणे निवृत्त शिक्षक. त्यांनीं गेलीं कित्येक वर्षें अहिराणी शब्दांचा संग्रह चालविला आहे. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, येथपासून आरंभ करून शेतींतले, स्वयंपाकांतले, लग्नांतले शब्द, त्यांपैकीं पुष्कळ त्यांच्या दिवंगत मातोश्रींच्या तोंडचे. हा संग्रह त्या एकाच संगणकावर होता, आणि तोही युनिकोडपूर्वीच्या एका जुन्या फॉण्टांत. असा फॉण्ट म्हणजे रोमन अक्षरांवर चढविलेला देवनागरी मुखवटा. फॉण्ट गेला कीं मुखवटा गळतो, आणि ‘आंडोर’च्या जागीं निरर्थक रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. संगणकाचा प्रोसेसर ६४ बिटांचा, पण प्रणाली ३२ बिटांची. म्हणजे अपग्रेड नाहीं, डिस्क पुसून नवी स्थापनाच.

“अरे, मग जुनेंच राहूं दे कीं. चालतेंय ना?” आक्का म्हणाल्या.

हा प्रश्न पोरकट नाहीं. बाराव्या आवृत्तीचा आधार त्या दिवशीं कांहीं संपलेला नव्हता. परंतु जुनी डिस्क एक दिवस बसणारच होती, आणि तिच्यासंगें तो फॉण्टही. मेहुणे बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, “आधीं कागदावर काढा. मग काय पुसायचें तें पुसा.” त्याप्रमाणें सर्व संग्रह फॉण्टासकट पीडीएफमध्यें उतरविला, सारा छापून घेतला, मूळ फाइली व फॉण्ट दोन पेनड्राइव्हांवर घेतले, त्यांतला एक आम्हीं जळगांवास आणण्यासाठीं खिशांत घातला, आणि तेव्हां कोठें डिस्कला हात लावला. एक्सएफसीईसह तेरावी आवृत्ति त्या यंत्रावर ठीक बसली. नातवाचा एक चिमुकला नेटबुक खरोखरीच ३२ बिटांचा निघाला. त्यावर बारावीच ठेवली व इंटरनेट काढून टाकलें. त्यावर तो आतां टंकलेखन शिकतो.

संग्रहाचें युनिकोडांत रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते डोळे मिटून वापरण्याजोगे नसतात. जुन्या फॉण्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं टंकीत, युनिकोडांत ती अक्षराच्या मागून येते. ही अदलाबदल जोडाक्षरांपाशीं अडखळते, आणि ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ होतो. म्हणून मेहुणे रोज सकाळीं चहानंतर छापील पान हातांत धरून एकेक शब्द पडद्यावरच्या शब्दाशीं ताडून पाहतात. परवां फोनवर सांगत होते कीं ‘ड’ लागला आहे. ‘डोया’ हा शब्द बिनचूक उतरला होता, पण शुद्धलेखन तपासणाऱ्या मराठी साधनानें त्याखालीं तांबडी रेघ ओढली, कारण त्याच्या मतें ‘डोळा’ हवा. मेहुण्यांनीं ‘शब्दकोशांत घाला’ हें बटण दाबलें आणि पुढचा शब्द घेतला.