चंचुपात्रातला बर्फ आणि समुद्राची पातळी

हवामानबदलाचा महासागरांवर आणि हिमावरणावर, म्हणजे पृथ्वीवरील पाणी जेथे जेथे गोठलेल्या अवस्थेत आहे त्या सर्व प्रदेशांवर, होणारा परिणाम शिकवताना पहिली अडचण माहितीच्या अभावाची नसून चुकीच्या चित्राची असते. वितळत्या हिमखंडावरचे ध्रुवीय अस्वल भित्तिपत्रकांतून आणि वृत्तपत्रांतून इतक्या वेळा छापले गेले आहे की, त्या अस्वलाच्या पायाखालचा बर्फ वितळला म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणी चढते, अशी समजूत अनेक विद्यार्थी वर्गात येतानाच घेऊन येतात.

वस्तुतः आर्क्टिकमधील सागरी बर्फ हा समुद्राचेच पाणी गोठून तयार झालेला व पाण्यावर तरंगणारा असतो. तरंगणारा पदार्थ स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो, या आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तो वितळला तरी पातळीत जवळजवळ फरक पडत नाही. बर्फामुळे पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरल्यामुळे. ग्रीनलंडचा हिमस्तर पूर्ण वितळला तर जगाची समुद्रपातळी सरासरी सुमारे ७ मीटरने वाढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटरने.

वरील विधानातील ‘जवळजवळ’ हा शब्द सहेतुक आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण वर्गातला नेहमीचा प्रयोग येथेच फसतो. चंचुपात्रात नळाचे पाणी घेऊन त्यात बर्फ तरंगत ठेवला जातो, बर्फ वितळल्यावर पातळी तीच राहते आणि सिद्धान्त सिद्ध झाला असे मानले जाते. परंतु समुद्राचे पाणी खारे, म्हणून गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक घनतेचे असते, तर बर्फ वितळून होणारे पाणी जवळपास गोडे असते. त्यामुळे बाजूला सारलेल्या खाऱ्या पाण्यापेक्षा त्याचे आकारमान किंचित अधिक भरते. दाट मिठाच्या पाण्यात हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका होतो. शिवाय तेथे बर्फ सावकाश वितळतो, कारण वितळलेले थंड पाणी हलके असल्याने खाली न जाता बर्फाभोवतीच साचून राहते. पातळी चढलेली पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘मोजमाप चुकले’ असे सांगून त्याची नोंद प्रयोगवहीतून खोडली जाते, तेव्हा एका अचूक निरीक्षणावर अन्याय होतो.

तरंगता बर्फ नगण्य आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. २००२ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळचा लार्सन-बी हा सुमारे ३२५० चौरस किलोमीटरचा तरंगता हिमफलक काही आठवड्यांत फुटला. त्याने स्वतः पातळी फारशी वाढवली नाही, पण त्याचा आडोसा गेल्यामुळे मागच्या हिमनद्या वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या.

यापुढची त्रुटी अधिक गंभीर आहे. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या मूल्यांकनानुसार १९७१ ते २०१८ या काळातील पातळीवाढीचा निम्मा वाटा केवळ तापलेले पाणी प्रसरण पावल्याचा आहे, आणि पृथ्वीवर साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे ९१ टक्के महासागरांनी सामावून घेतली आहे. बर्फाचा प्रयोग हा निम्मा भाग दाखवूच शकत नाही. त्यातच ‘पाण्याचे असंगत आचरण’ शिकलेला विद्यार्थी, पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते हा नियम समुद्रालाही लावतो. समुद्राचे खारे पाणी मात्र उणे १.९ अंशाच्या आसपास गोठेपर्यंत अधिकाधिक घनतेचे होत जाते, आणि हा भेद पाठात क्वचितच सांगितला जातो. ‘महासागरांचे आम्लीकरण’ या संज्ञेनेही असाच गैरसमज होतो: पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे, म्हणजे पाणी आम्ल झालेले नाही, त्याची आम्लारिधर्मता घटली आहे, आणि शंख-शिंपले व प्रवाळ यांना कवच घडवणे त्यामुळे अवघड होते.

एका तासिकेत एवढे सगळे बसत नाही, हे मान्यच करावे लागते. तरीही महाराष्ट्रातील शाळांना एक साधन सहज लाभलेले आहे. मुंबईत अपोलो बंदर येथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. दिवसातून दोनदा काही मीटर चढउतार करणाऱ्या त्या पाण्यातून वर्षाकाठी काही मिलिमीटरची वाढ कशी वेगळी काढतात, हे सरासरी काढता येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतः करून पाहता येईल. शिक्षकांनी या पाठाची सुरुवात अस्वलापासून न करता अपोलो बंदरापासून करावी, ही विनंती.