बॉनेटखालचा वैशाख

चैत्र सरून वैशाख लागला, म्हणजे गर्भगिरीच्या रांगेवरचे गवत वाळून कुसळांपुरते उरते, करंजी घाटातला काळा कातळ दुपारी हाताला चटका देतो, आणि आता सरकारदप्तरी अहिल्यानगर म्हणून नोंदल्या गेलेल्या या जिल्ह्याच्या पठारावर पारा चाळिशी ओलांडून तेथेच ठाण मांडतो. अशा दिवसांत मोहट्याच्या देवीचे दर्शन घेऊन पाथर्डीकडून नगरकडे परतणारी एखादी लहानशी टर्बो पेट्रोल मोटार, पाच माणसे, त्यांचे सामान आणि वातानुकूलन यंत्र असा सारा भार वाहत घाट चढू लागते, तेव्हा आत बसलेल्यांना गार झुळकीखेरीज काहीच जाणवत नाही. परंतु त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर, बॉनेटच्या पत्र्याखाली, बाहेरच्या उन्हाला सौम्य म्हणायला लावील असा दुसराच वैशाख पेटलेला असतो. त्या वैशाखाविषयी मला कित्येक वर्षे कुतूहल वाटत आले आहे, आणि अलीकडे काळजीही वाटू लागली आहे.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा जमाखर्च मांडून पाहिला, तर स्थूलमानाने तिचा एक तृतीयांश हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो, दुसरा इंजिनाच्या अंगात खेळणाऱ्या कूलंटच्या खाती पडतो, आणि तिसरा सायलेन्सरच्या वाटेने बेवारस निघून जातो. या बेवारस हिश्श्यावर हक्क सांगण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंटाच्या रूपाने मांडली: बाहेर पडणाऱ्या तप्त वायूनेच एक चक्र फिरवावे, त्या चक्राने दुसरे चक्र फिरवावे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी. पुढे १९१८ साली सॅनफर्ड मॉस याने असे यंत्र, म्हणजेच टर्बो, जोडलेले विमानाचे इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंचीच्या शिखरावर नेऊन चालवून दाखविले, आणि विरळ हवेतही इंजिनाचे बळ राखता येते हे सिद्ध केले. नगरचे पठार त्या मानाने ठेंगणे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर. पण पंधरा अंशांची हवा पंचेचाळीस अंशांपर्यंत तापली की तिची घनता जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे येथील उन्हाळा इंजिनाच्या दृष्टीने आणखी उंच डोंगरावर जाऊन बसतो.

टाकाऊ उष्णतेला पुन्हा कामाला लावण्याची ही रीत या जिल्ह्याला परकी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५०च्या सुमारास प्रवरेच्या काठी लोणी येथे जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग जिल्हाभर उभ्या राहिलेल्या कारखान्यांत उसाचेच चिपाड बॉयलरखाली जळते, त्या वाफेवर टर्बाइन फिरते, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ वाया न जाता रस आटविण्याच्या कामी लागते. गळिताच्या हंगामात अशा कारखान्याच्या आवारात उभे राहिले असता त्या काटकसरीपुढे मान लवते. मात्र तेथे एकेका नळाला प्रशस्त जागा आहे, जाड वेष्टण आहे, आणि रात्रंदिवस पाळीवर जागा असणारा माणूस आहे. मोटारीत हाच कारभार एका बंद पेटीत, एका वितीच्या अंतरात उरकावा लागतो.

अंतराची ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पेट्रोल इंजिनातून टर्बोच्या चक्राकडे येणारा वायू पूर्ण भार असताना साडेनऊशे अंशांच्या आसपास, काही इंजिनांत त्याहूनही वर असतो. डिझेलचा वायू त्या मानाने थंड, आणि म्हणूनच टर्बो डिझेलवर वाढलेल्या आपल्या मेकॅनिकांना पेट्रोल टर्बोचा हा दाह नवा आहे. चक्राचे बिडाचे घर अंधारात पाहिले तर लालभडक दिसते. त्या घरापासून चार बोटांवर जो दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो, तो केवळ तेलाच्या एका तलम थरावर तरंगत असतो. पलीकडच्या चक्राने दाबलेली हवाही दाबामुळेच तापते: चाळीस अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली की ती सव्वाशे अंशांच्या पुढे जाते, आणि इंटरकूलरने तिला पुरेसे थंड केले नाही, तर अवेळी स्फोट होऊन इंजिन ठोकू नये म्हणून संगणक ठिणगीच मागे सारतो व बळ आवरून घेतो. घाटात गाडी अचानक मंद झाली म्हणून तिला दोष देणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

भोवती काय आहे? रबरी होज पाइप, प्लॅस्टिकच्या टाक्या, वायरींचे जुडगे, त्यांचे नाजूक कनेक्टर. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की अशा पदार्थांचे जीर्ण होणे सुमारे दुपटीने वेगावते. त्यात एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निर्बंध अंमलात आले, आणि धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावे म्हणून ते इंजिनाला अगदी लगटून बसविण्याची रीत पक्की झाली. हवा सर्वांची आहे, तेव्हा या बंदोबस्ताविरुद्ध माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती इंजिनावर शोभेसाठी घातलेल्या प्लॅस्टिकच्या झाकणाविरुद्ध, आणि बॉनेटला निर्गमद्वार न ठेवणाऱ्या आरेखनाविरुद्ध. रेडिएटरमधून आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडण्याची वाटही तितकीच मोकळी हवी, ही साधी बाब पुष्कळदा सौंदर्य आणि शांतता यांच्या हट्टापायी मागे पडते.

या शहराला तरी ती बाब कोणी शिकवायला नको. नगरपासून थोड्या अंतरावर, १५८३ साली सलाबतखानाने पुरा केलेला फराहबाग आजही तलावाच्या कोरड्या पात्रात उभा आहे. चहूबाजूंनी पाणी, जाड भिंती, मधोमध उंच दालन आणि वाऱ्याला आत येऊन वर निघून जाण्याची सोय: निजामशाहीच्या त्या कारागिरांनी उष्णतेशी झुंज न मांडता तिच्या येण्याजाण्याची तजवीज केली होती. आज त्याच परिसरात रणगाड्यांचे शिक्षणकेंद्र आहे, संरक्षण खात्याची वाहन-संशोधन प्रयोगशाळा आपल्या चाचणीमार्गांसह आहे, आणि पुण्याच्या वाटेवरच्या रांजणगावी २०१७ पासून नेक्सॉनसारखी टर्बो पेट्रोल गाडी तयार होते. वाहनांचे इतके ज्ञान एका टापूत एकवटले असताना नगरच्या वैशाखाला गाडीच्या आरेखनात थोडा अधिक मान मिळावा, अशी अपेक्षा मी मनापासून करतो.

परंतु बॉनेटखालचा सर्वांत कठीण प्रसंग घाट चढताना येत नाही, तो चढून थांबल्यावर येतो. धावत्या गाडीत वारा वाहतो, पंप फिरतो, तेल खेळते. घाटमाथ्यावरच्या रसवंतीपाशी गाडी उभी करून किल्ली फिरविली की ही सारी सरबराई एका क्षणात बंद पडते, आणि तापलेल्या बिडात साठलेली उष्णता मिळेल त्या वाटेने बाहेर पसरू लागते. त्यामुळे थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत बॉनेटखालचे तापमान धावतानाच्यापेक्षाही वर चढते. दांड्याभोवती अडकलेले तेल तेथेच भाजून त्याचा कोळसा होतो, आणि असे थर साचत साचत एके दिवशी तेलाची वाटच चोंदते. टर्बो डिझेल ट्रकचे जुने चालक इंजिन बंद करण्यापूर्वी ते दोन मिनिटे संथ फिरू देत, एस्‌.टी.चे चालक घाटमाथ्यावर बॉनेट उघडून, रेडिएटरवर ओले पोते टाकून, मगच चहाला जात. त्यांना यंत्राचा श्वास कळत असे. आजच्या गाड्यांत टर्बोच्या मध्यभागाला कूलंट पुरविलेले असते, आणि कित्येक गाड्यांत इंजिन थांबल्यावरही ते फिरवणारा विजेचा पंप असतो. तरीही घाटाचा शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवावा आणि मिनिटभर इंजिन संथ ठेवून मगच किल्ली फिरवावी, हे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक आग्रह पाण्याविषयी. नगर, पारनेर, पाथर्डीकडच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त. माठाच्या बुडाशी पांढरा थर बसतो तो सर्वांना ठाऊक आहे. तेच पाणी ‘कूलंट कमी झाले’ म्हणून वर्षानुवर्षे टाकीत ओतले जाते, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून बुजू लागतात. निम्मे शुद्ध पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण दाबाखाली सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. साधे पाणी ते बळ देऊ शकत नाही. ‘गाडी तापते, थर्मोस्टॅटच काढून टाका’ हा गॅरेजमधला सल्लाही घेऊ नये, कारण त्याने इंजिन कायमचे अर्धवट थंड राहते, पेट्रोल जास्त जळते, आणि मूळ रोग जिथल्या तिथे राहतो. पाहावे ते रेडिएटरच्या जाळीत शिरलेले पाचट आणि माती, होज पाइपचा कडकपणा, कूलंटच्या टाकीचे झाकण, आणि तेल बदलल्याची तारीख. टाकी मात्र गाडी थंड झाल्याखेरीज उघडू नये, कारण दाब सुटताच आतले द्रव्य एकदम उकळून तोंडावर येते.

आणि गाडी बंद केल्यानंतरही पंखा काही वेळ फिरत राहिला, तर बॅटरी उतरेल या भीतीने त्याची वायर काढून घेण्याचा हुकूम कृपा करून कोणी फिटरला देऊ नये. तो पंखा बिघडलेला नसतो. साठलेली उष्णता बाहेर घालवण्याचे उरलेले काम तो पुरे करीत असतो, आणि ते संपले की आपोआप थांबतो.