उजवीकडून डावीकडे

ईदला आपाचा मुलगा पुण्याहून आला. शीरखुर्म्याची वाटी संपायच्या आत त्याचा लॅपटॉप उघडला होता. तो वेब डेव्हलपर आहे. काल रिॲक्ट, आज स्वेल्ट. नवं साधन निघालं की ते उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आपा म्हणते, "लहानपणी घड्याळं खोलायचा, आता हे."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांच्या याद्या वर्षानुवर्षं वह्यांत लिहून ठेवल्यात. त्यानं एक वही चाळली. "मामू, याची वेबसाइट करू. दोन दिवसांचं काम आहे."

ते काम दोन महिने चाललं.

पहिली अडचण दिशेची. मराठी डावीकडून उजवीकडे, उर्दू उजवीकडून डावीकडे, आणि उर्दूतले आकडे पुन्हा डावीकडून. एका ओळीत दोन्ही भाषा आल्या की पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसे, कंस उलटे होत. त्यानं मला समजावलं, ब्राउझरला प्रत्येक तुकड्याची भाषा आणि दिशा सांगावी लागते. सीएसएसमध्ये आता 'डावा समास' न म्हणता 'ओळ सुरू होते तिकडचा समास' असं सांगता येतं. उर्दू आली की तो आपोआप उजवीकडे जातो. मला ही सोय फार आवडली.

दुसरी अडचण नस्तालीकची. या लिपीत शब्द तिरका खाली उतरत जातो, म्हणून छपाईला ती कायम जड गेली. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक आली, त्याआधी उर्दू वर्तमानपत्रं बहुतेक कातिबांच्या हातचीच असत. आज नोटो नस्तालीक फुकट मिळते. तरी मराठीच्या मापाच्या ओळीत तिचं डोकं कापलं जायचं. ओळींमधलं अंतर जवळपास दुप्पट केलं, तेव्हा पान वाचता आलं.

तिसरी अडचण मला सापडली. साइट तयार झाली होती. चाचण्या पास, एआयलाही कोडमध्ये चूक दिसली नव्हती. मी शोधाच्या चौकटीत 'पानी' लिहिलं. काहीच आलं नाही. शब्द तर यादीत समोर दिसत होता. नीट पाहिलं तर त्याच्या शेवटच्या 'ये'खाली दोन नुक्ते होते. उर्दूत शेवटच्या छोट्या 'ये'ला नुक्ते देत नाहीत, अरबीत देतात. यादीचा तो भाग टायपिस्टनं अरबी कीबोर्डवर टाइप केला होता. युनिकोडमध्ये ही दोन वेगळी अक्षरं आहेत, 'काफ'चंही तसंच. म्हणजे संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. भाच्यानं दोन्ही एकच धरणारा नियम लिहिला आणि 'पानी' सापडलं.

"मामू, आपको कैसे दिखा?"

"नुक्ते दिसले."

तो गप्प झाला. पान तर त्यानंच बनवलं होतं, कितीदा तपासलं होतं. पण तो उर्दू बोलतो, वाचत नाही. त्याच्या दाखल्याच्या वेळी आपानं मला विचारलं होतं आणि मीच म्हणालो होतो, मराठी माध्यमात घाल, पुढं अडचण येणार नाही. खरंच आली नाही. आजही कुणी विचारलं तर मी बहुधा तेच सांगेन. पण उर्दू मी घरी शिकवेन, असंही तेव्हा म्हणालो होतो. ते राहून गेलं. आपाच्या पेटीत अब्बांनी तिला लिहिलेली पत्रं आहेत. नातवाला त्यातली एक ओळ वाचता येत नाही.

जाताना तो एवढंच म्हणाला, "अलिफ-बे का किताब भेजो." मी पहिलीचं पुस्तक पाठवलं.

गेल्या आठवड्यात फोनवर त्याचा संदेश आला, उर्दूत, त्यानं स्वतः टाइप केलेला: जरूर आऊँगा. 'जरूर' त्यानं 'जे'नं लिहिलं होतं. ते 'ज्वाद'नं लिहितात. या एका उच्चाराला उर्दूत चार अक्षरं आहेत, चांगले चांगले चुकतात. मी ठरवलं, काही बोलायचं नाही.

तासाभरानं दुरुस्ती पाठवलीच.