पाटीवरचे नाव

साताऱ्यातील आमच्या घराच्या ओसरीवर मुलांचा अभ्यास घेण्याचा छोटा वर्ग सुरू करावा, असे मनात आले तेव्हा मी 68 वर्षांची होते. त्यामागे केवळ हौस नव्हती. ह्यांना पक्षाघात झाल्यापासून मला तासभरही घराबाहेर पडता येत नव्हते. औषधोपचारांचा खर्च वाढला होता आणि घरातली शांतता असह्य झाली होती.

जन्मभर गणित शिकवलेल्या ह्यांची वाणी मेंदूच्या डाव्या बाजूच्या आघाताने हिरावून घेतली होती. बहुतेक सारे समजे, शब्द मात्र सापडत नसे. पेला समोर असूनही ‘पाणी’ म्हणता येत नसे आणि डोळे भरून येत. या विकाराला ‘वाचाघात’ म्हणतात.

वर्गाला नाव हवे होते. मुलीने ‘ज्ञानदीप’ सुचवले, शेजाऱ्यांनी ‘यशोधन’. नावे चांगली होती. पण त्यांतून कसले तरी आश्वासन डोकावत होते. पाचवी-सहावीतल्या सात मुलांना मी यशाची हमी कशी देणार? शाळेत निसटलेले पुन्हा समजावून द्यावे, एवढाच माझा हेतू होता. ह्यांचे नाव द्यावे असेही वाटले. परंतु ज्याला हो-नाही म्हणणेही कठीण, त्याचे नाव परस्पर पाटीवर लिहिणे मनाला पटेना. पाटी रंगवणारा दोनदा विचारून गेला.

एका संध्याकाळी मुले बाराचा पाढा म्हणत होती. ‘बारा सत्ते’पाशी सारी अडखळली. तोच आतल्या खोलीतून आवाज आला, ‘‘चौऱ्याऐंशी!’’ आठ महिन्यांनी ऐकलेला तो स्पष्ट शब्द होता. मी धावत आत गेले. ‘‘पाणी हवे का?’’ विचारले. ओठ हलले, शब्द आला नाही.

वाचा-उपचारतज्ज्ञांनी नंतर उलगडा केला. अंक, वार, पाढे, स्तोत्रे, गाणी वर्षानुवर्षे घोकलेली असतात. स्वतः जुळवून बोलणे अवघड झाले, तरी अशी ठरलेली साखळी काही रुग्णांत टिकून राहते. ती म्हणजे बरे होणे नव्हे. पण सरावाला आधार मिळतो. आपण आरंभ करावा आणि शेवटचा शब्द रुग्णासाठी सोडावा. घाईने त्याच्या तोंडचा शब्द काढून घेऊ नये. प्रश्न छोटे विचारावेत, हातवारे आणि चित्रे यांची मदत घ्यावी.

आमच्या पिढीत पाढ्यांना ‘उजळणी’ म्हणत. शिकलेले पुन्हा घोटणे हीही उजळणीच आणि मळलेले भांडे घासून लख्ख करणे म्हणजे उजळणे. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत तीन नावे लिहिली आणि ह्यांच्यापुढे धरली. उजवा हात अधू होता. डाव्या हाताचे बोट सावकाश सरकले आणि ‘उजळणी’वर थांबले.

तेच नाव आज दारावर आहे. सहा वाजता पाढे सुरू होतात. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मुले सरांसाठी सोडतात. कधी तो येतो, कधी येत नाही. मुले थांबतात. थांबायला मीही त्यांच्याकडूनच शिकले.