खामगावकर दर्यावर

तर झालं असं, की हर्णैचा मित्र दिवाळीत म्हणाला, "चल, रात्री गरवायला जाऊ." आमचं गाव खामगाव. कापूस, चांदी आणि रणरणता उन्हाळा! समुद्र पाहिला तो थेट कॉलेजात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "बाप्पा! पोहता येते का तुले?" नाही येत. म्हणून लाइफ जॅकेट चढवून होडीत अगदी मधोमध बसलो.

संध्याकाळचा मासळीचा लिलाव केव्हाच आटोपला होता. बंदराच्या दिव्यांपासून थोडं लांब, सुवर्णदुर्गाच्या काळ्या आकृतीसमोर नांगर टाकला. अमावस्येच्या आसपासची रात्र. पाण्यात हात घातला की बोटांभोवती निळसर ठिणग्या... सूक्ष्म जीवांचा प्रकाश असतो, हे वाचलं होतं. पाहताना वाचलेलं काही आठवत नाही.

गळाला कोळंबी लावायला त्यानेच शिकवलं. पहिला मासा मलाच, शिंगाळा! मी पकडणार तोच तो ओरडला, "थांब! काटा विषारी असतो त्याचा."

मग बराच वेळ दोघंही गप्प.

"होडी विकतोय," तो म्हणाला. "बाबांचे गुडघे गेले. मी पुण्यात कोड लिहितो. कोण चालवणार?"

मी काय बोलणार? आमचं शेत दोन वर्षांपासून बटईने दिलंय. तेव्हा बाबांना मी फक्त रक्कम विचारली होती.

पहाटे परतलो तेव्हा डब्यात तीन मासे होते. उजाडल्यावर बाबांना फोन लावला. "कपाशी कशी आहे यंदा?" पलीकडे क्षणभर शांतता. मग बोलत राहिले... चांगली वीस मिनिटं.