शेवट माहीत असलेली गोष्ट

२००५ मध्ये 'रिव्हेंज ऑफ द सिथ' पाहून आम्ही मित्र पुण्यात चहाच्या टपरीवर तावातावाने भांडलो होतो. 'स्टार वॉर्स'मधला पीजी-१३ मिळालेला हा पहिलाच सिनेमा. एकजण वैतागला, "ॲनाकिन चक्क लहान पोरांना मारतो! आणि तो डार्थ व्हेडर होणार हे आधीच माहितीये. मग बघायचं कशाला?"

मला इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची आमची आज्जी आठवली. श्रावणात देवळात पांडवप्रताप लागायचा. अश्वत्थामा झोपेतल्या द्रौपदीच्या पोरांना मारतो, तिथे ती दरवर्षी डोळ्यांना पदर लावायची. एकदा विचारलं, "आज्जे, तुला तर सगळं ठाऊक हाय की!"

म्हणाली, "व्हय रं. पण दरसाल वाटतं, ह्या खेपंला तरी त्याला कुणी अडवंल."

मुस्तफारवर ओबी-वान कळवळून ओरडत होता, तेव्हा मलाही अगदी तेच वाटलं होतं.